बेळगाव ते फी फी: पोहता न येणारीचा स्नॉर्केलिंगचा अनुभव

मला पोहता येत नाही. चष्म्याचा नंबर उणे ४ आहे, कमरेचं दुखणं जुनं आहे आणि वय ४८. हे आधीच सांगते, कारण जायचं ठरल्यावर मी जे जे वाचलं ते बहुतेक पोहणाऱ्या तरुण मुलांनी लिहिलेलं होतं. चष्म्याचं काय करायचं, मंगळसूत्र कुठं ठेवायचं, बोट आपटते तेव्हा कंबर कशी सांभाळायची, पाण्यात जीव घाबरला तर काय करायचं, हे कुणीच लिहिलं नव्हतं. २१ जानेवारी २०२६ ला मी थायलंडमधल्या फुकेतहून स्पीडबोटीने फी फी बेटांवर जाऊन, स्नॉर्केलिंग करून, म्हणजे डोळे-नाक झाकणारा मास्क लावून, नळीतून श्वास घेत, समुद्रात तोंड घालून मासे बघून आले. त्याआधीच्या सहा महिन्यांत काय काय करावं लागलं ते क्रमाने लिहिते.

माझं माहेर खानापूर तालुक्यातलं, मलप्रभेच्या काठचं. गावची पोरं पुलावरून नदीत उड्या मारायची. आम्ही मुली घाटावर धुणं धुवायचो, पाणी घोट्याच्या वर कधी आलं नाही. लग्न होऊन बेळगावच्या शहापूर भागात आले, गोव्याला कितीदा तरी जाणं झालं, पण किनाऱ्यावर साडी गुडघ्यापर्यंत धरून उभं राहायचं, एवढाच समुद्र. आमची पुतणी बेंगळूरला नोकरीला आहे. त्याआधीच्या जुलैत ती घरी आली तेव्हा म्हणाली, "मोठी आई, तू आणि आई, दोघींना घेऊन जाणार आहे मी. पासपोर्ट काढा." माझी धाकटी जाऊ लगेच हो म्हणाली. सासूबाई म्हणाल्या, "समुद्र काय बघायचा परत? गोव्यात बघितलाय की." पण अडवलं नाही त्यांनी, हे मुद्दाम लिहिते.

ज्यांना पासपोर्टच्या भानगडीत पडायचं नाही त्यांच्यासाठी आधी एक गोष्ट. स्नॉर्केलिंग आपल्याला जवळही करता येतं. आंबोली घाट उतरून मालवण-तारकर्ली आहे, खाली मुरुडेश्वरला गेलात तर तिथून बोटीने नेत्राणी बेट आहे. पावसाळ्यात दोन्हीकडे बंद असतं. पुतणीला सुट्टी जानेवारीतच होती आणि तिला आम्हाला परदेश दाखवायचा होता, म्हणून आम्ही तिकडे गेलो. नाहीतर सुरुवात मालवणला करणं सोयीचं.

पासपोर्टचा अर्ज ११ ऑगस्टला ऑनलाइन भरला. साध्या ३६ पानी पासपोर्टला १,५०० रुपये, तेही ऑनलाइनच. इथल्या कॅम्प भागातल्या मुख्य पोस्ट ऑफिसात पासपोर्ट सेवा केंद्र आहे, त्यामुळे हुबळीला जावं लागलं नाही. २२ ऑगस्टची वेळ मिळाली. माझी अडचण नावाची होती. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, आधार आणि पॅनवर सासरचं. लग्नाच्या नोंदणीचा दाखला बरोबर नेला होता, तो दाखवल्यावर प्रश्न मिटला. जुन्या कागदांवर बेळगावचं नाव एका स्पेलिंगने आणि २०१४ नंतरच्या कागदांवर दुसऱ्या स्पेलिंगने आहे, त्यावर कुणी हरकत घेतली नाही. जन्मदाखला माझ्याकडे नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांनाच तो सक्तीचा आहे. आमच्यासारख्यांना शाळेच्या कागदावरची जन्मतारीख चालते. दहावीचं मूळ प्रमाणपत्र मात्र जवळ ठेवाच. थायलंडसह काही देशांसाठी कमी शिकलेल्या लोकांच्या पासपोर्टवर वेगळा शिक्का असतो, तो टाळायला ते लागतं. आत गेल्यावर फोटो, बोटांचे ठसे, कागद स्कॅन, सगळं मिळून तास-सव्वा तास.

मग पोलिस पडताळणी. २७ ऑगस्टला गणपती बसले. बेळगावात गणपतीच्या दिवसांत पोलिसांना दुसरं काही करायला उसंत नसते, हे ठाऊक होतं, म्हणून वाट बघितली. विसर्जन झाल्यावर ९ सप्टेंबरला फोन आला, कागदांच्या प्रती आणि शेजारच्या दोघांच्या सह्या घेऊन गेले. घटस्थापनेच्या आठवड्यात पोस्टमन पासपोर्ट घेऊन दारात आला. पाकीट फोडायच्या आधी सासूबाईंनी ते देवापुढे ठेवलं.

पासपोर्टपेक्षा पाण्याची भीती मोठी होती. पुतणीने सांगितलं होतं की लाइफ जॅकेट घालूनच उतरायचं असतं, पोहता आलं नाही तरी चालतं. हे खरं आहे. पण जॅकेट तुम्हाला तरंगत ठेवतं, घाबरणं थांबवत नाही. म्हणून मी आणि जाऊ ऑक्टोबरपासून शहरातल्या जलतरण तलावावर बायकांच्या बॅचला जायला लागलो. बेळगावच्या थंडीत सकाळचं पाणी सोसवत नाही, म्हणून दुपारची बॅच घेतली. तलावावर साडी किंवा सुती पंजाबी ड्रेस चालत नाही. पूर्ण बाह्यांचा, पायघोळ असा नायलॉनचा पोहण्याचा पोशाख मिळतो, तो घेतला. पहिल्या दिवशी संकोच वाटला. नंतर पाहिलं तर बॅचमध्ये निम्म्या बायका माझ्याच वयाच्या होत्या आणि प्रत्येकीचं लक्ष स्वतःच्या श्वासावर होतं.

शिकवणाऱ्या बाईंना सांगितलं की मला पोहायचं नाही, तोंड पाण्यात घालून नळीतून श्वास घ्यायचाय. त्यांनी मला उथळ भागात कठडा धरून उभं केलं. मी तोंड घालायची आणि दोन सेकंदांत वर यायची. छातीवर दडपण यायचं, हवा पुरत नाहीसं वाटायचं. त्या म्हणाल्या, "घ्यायच्या मागं लागू नका ओ काकू. सोडा आधी. सोडलं की घेणं आपोआप होतंय."

हे वाक्य मला त्या सहा महिन्यांत सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. कारण समजून घ्या. नळीत आपण सोडलेली थोडी हवा राहतेच. माणूस घाबरला की भरभर, अर्धे-अर्धे श्वास घेतो, मग तीच वापरलेली हवा आत-बाहेर होत राहते, गुदमरल्यासारखं वाटतं आणि माणूस आणखी भरभर श्वास घेतो. उलट सावकाश, लांब श्वास सोडला की जुनी हवा बाहेर पडते आणि पुढचा श्वास ताज्या हवेचा मिळतो. मी मनात चार अंक मोजत श्वास घ्यायची, सहा मोजत सोडायची. घरी रात्री मास्क लावून, नळी तोंडात धरून, मालिका बघत बसायची. नाक बंद आणि तोंड उघडं ठेवून श्वास घेण्याची शरीराला सवय नसते, ती पाण्याबाहेरच लावून घेतलेली बरी.

मास्कबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण चष्मेवाल्यांनी मला हेच सगळ्यात जास्त विचारलंय. चष्मा आत घालता येत नाही, काड्यांमधून पाणी शिरतं. नंबरच्या तयार काचा बसवलेले मास्क मिळतात, अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या फरकाने. मी उणे ४ चा ऑनलाइन मागवला, नळीसकट २,६०० रुपयांना. सिलिंड्रिकल नंबर त्यात धरत नाहीत, पण पाण्यात तेवढं जाणवत नाही. माप बघायची पद्धत अशी: पट्टा न लावता मास्क चेहऱ्याला टेकवायचा, नाकाने हलका श्वास आत ओढायचा आणि हात सोडायचा. मास्क पडला नाही तर बरोबर बसला. केसांची एक बट जरी कडेच्या सिलिकॉनखाली गेली तरी पाणी गळतं, म्हणून टोपी घालून केस पूर्ण मागे घ्यायचे. पूर्ण चेहरा झाकणारे मास्कही दिसतात. ते मी घेतले नाहीत, कारण घाबरल्यावर एका झटक्यात तोंड मोकळं करता यायला हवं.

नळीत पाणी शिरलं तर डोकं न उचलता जोरात "फू" करायचं, पाणी वरून उडून जातं. हे तलावावर घोटून घेतलं. जॅकेट घालून पालथं तरंगायचं आणि दमल्यावर उताणं व्हायचं, हेही. उताणं होता येणं फार महत्त्वाचं आहे. उताणं झालं की तोंड आकाशाकडे, नळी बाजूला, कुणाचीही मदत नसली तरी विसावा मिळतो. डिसेंबर संपेपर्यंत मला पोहता येत नव्हतंच, पण तोंड पाण्यात घालून पाच-दहा मिनिटं शांत राहता यायला लागलं.

तिकीट नोव्हेंबरमध्येच काढलं होतं. अंदमान समुद्राच्या त्या बाजूला नोव्हेंबर ते एप्रिल हवा चांगली, त्यातही जानेवारी-फेब्रुवारीत समुद्र शांत. मे ते ऑक्टोबर तिथंही नैर्ऋत्य मोसमी वारेच असतात, लाटा उंच, पाणी गढूळ. बेंगळूर ते फुकेत थेट विमान, जाऊन-येऊन माणशी २६,००० रुपये पडले. तारखा ठरवताना पुतणीने तिच्या पाळीचा हिशेब धरला, तो प्रत्येकीने धरावा.

आम्ही गेलो तेव्हा भारतीयांना ६० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नव्हता. नियम बदलत असतात, तिकीट काढायच्या आधी दूतावासाच्या संकेतस्थळावर बघून घ्या. मात्र १ मे २०२५ पासून थायलंडचं डिजिटल आगमन कार्ड सगळ्यांना भरावं लागतं. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं, पासपोर्ट नंबर, विमानाचा नंबर आणि पहिल्या मुक्कामाचा पत्ता लागतो. ते फुकट आहे. पैसे मागणारी, हुबेहूब सरकारी वाटणारी संकेतस्थळं शोधात वर येतात, त्यांच्यावर भरू नका. आलेल्या क्यूआर कोडची छापील प्रत काढून ठेवा.

१८ जानेवारीला पौष अमावास्या होती. अमावास्येला घराबाहेर पडायचं नाही, असं सासूबाईंचं म्हणणं, म्हणून १७ च्या संध्याकाळी राणी चन्नम्मा एक्स्प्रेस धरली आणि १८ तारीख पुतणीच्या घरी विश्रांतीत काढली. ते बरंच झालं, दोन रात्रींचं जागरण एकामागे एक झालं असतं तर कमरेने दगा दिला असता. १९ च्या पहाटे विमानतळ, टर्मिनल २. पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी: तीन तास आधी पोहोचा, परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग कागदावर हातात ठेवा. इमिग्रेशनच्या खिडकीवर मला "कुठं, किती दिवस, कोणाबरोबर" एवढंच विचारलं. विमान साधारण चार तासांचं, घड्याळ तिकडे दीड तास पुढे.

बोटफेरी पुतणीने आधीच ठरवली होती. माणशी १,९०० बाट, आणि राष्ट्रीय उद्यानाची परदेशी प्रौढांसाठीची फी ४०० बाट वेगळी. त्या आठवड्यात एक बाट आम्हाला पावणेतीन रुपयांच्या पुढे पडला, म्हणजे सगळं मिळून साडेसहा हजारांच्या आसपास. ठरवताना तीन गोष्टी बघितल्या: पर्यटन खात्याचा परवाना क्रमांक लिहिलेला आहे का, विमा धरलाय का, आणि उद्यानाची फी आत आहे की बाहेर. विम्यासाठी पासपोर्टवरची नावं आणि नंबर मागतात, ते देणं योग्यच आहे.

सनस्क्रीनचंही आधी बघा. थायलंडच्या राष्ट्रीय उद्यानांत ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनोक्सेट आणि आणखी दोन रसायनं असलेली सनस्क्रीन २०२१ पासून बंद आहेत, कारण ती प्रवाळांना मारतात. दंड एक लाख बाटपर्यंत आहे. मी बेळगावच्या औषधाच्या दुकानात उभं राहून बाटल्यांच्या मागची बारीक अक्षरं वाचली आणि झिंक ऑक्साइडचं घेतलं. खरं तर पूर्ण बाह्यांचा पोशाख असला की फक्त चेहरा, मान आणि तळहाताची मागची बाजू उरते.

२१ तारखेला पावणेसातला हॉटेलच्या दारात व्हॅन आली. निघायच्या तासभर आधी उलटी थांबवणारी गोळी घेतली होती, आमच्या डॉक्टरांना विचारून. मंगळसूत्र, बांगड्या, कानातलं सगळं हॉटेलच्या तिजोरीत. जाऊबाईला गळा मोकळा ठेवणं जड गेलं. तिने काळ्या मण्यांची साधी पोत दोऱ्यात ओवून घातली आणि ती पाण्यात नीट राहिली.

धक्क्यावर चहा, केळी आणि पाव होते. मनगटाला रंगीत पट्टी बांधतात, चपला एका टोपलीत जमा करतात आणि दिवसभर अनवाणीच राहायचं. एका कागदावर सही घेतात: गरोदर नाही ना, हृदयविकार, पाठीचं ऑपरेशन? गरोदर बायकांना आणि पाठीचं गंभीर दुखणं असणाऱ्यांना स्पीडबोटीवर घेत नाहीत. माझ्या हाडांच्या डॉक्टरांनी जायला हरकत नाही म्हणून सांगितलं होतं, एका अटीवर: पुढे बसायचं नाही. बोटीला मागे तीन इंजिनं, वेग घेतला की पुढचं टोक उचलतं आणि प्रत्येक लाटेवर आपटतं. सगळ्यात जास्त मार पुढे बसणाऱ्यांना. तरुण मंडळी हौसेने पुढे धावली, आम्ही दोघी अगदी मागे, इंजिनांजवळ. घडी केलेला टॉवेल खाली घेतला, पाय टेकवून, दांडा धरून, आपटायच्या क्षणी बूड किंचित उचलायचं. कंबर सुखरूप राहिली. मागे पेट्रोलचा वास येतो आणि पाणी अंगावर उडतं, तेवढं सोसावं. जाऊबाईला मळमळायला लागलं तेव्हा खलाशाने तिला क्षितिजाकडे बघत राहायला सांगितलं आणि ती तशीच, एक शब्द न बोलता, पाऊण तास बसली.

मार्गदर्शक मुलगा थाय इंग्रजीत सांगत होता, पुतणी आम्हाला मराठीत. तो म्हणाला, अमावास्या नुकतीच झालीय, भरती-ओहोटी मोठी आहे, म्हणून पाणी ओसरायच्या आत आधी पिले लगूनमध्ये जाऊ. उभ्या चुनखडीच्या कड्यांनी वेढलेलं ते हिरवंगार पाणी. कडे इतके उंच की मान मागे टाकावी लागते. शेजारी व्हायकिंग गुहा लागते, तिथं पाकोळीच्या जातीचे पक्षी लाळेची घरटी बांधतात आणि ती खाण्यासाठी विकली जातात. आत जाऊ देत नाहीत, बोटीतूनच बांबूचे परांचे दिसतात.

मग माया बे. या जागेविषयी माझ्या मनात आदर आहे. दिवसाला ५,००० च्या वर माणसं येऊन आणि बोटींचे नांगर टाकून तिथली प्रवाळं मोडली, तेव्हा सरकारने जून २०१८ मध्ये हा किनारा बंद केला. आधी काही महिन्यांसाठी म्हणून, मग प्रत्यक्षात साडेतीन वर्षं. १ जानेवारी २०२२ ला उघडला तो नव्या नियमांनी: बोटी समोरून येत नाहीत, मागच्या लोह समा बाजूच्या तरंगत्या धक्क्याला लागतात, लाकडी वाटेने चालत पुढे जायचं, आणि पाण्यात पोहायचं नाही. दर वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरला पुन्हा बंद ठेवतात. पंखांच्या टोकाला काळा रंग असलेले छोटे शार्क बंदीच्या काळात तिथं परत आले. आम्ही पाण्याच्या कडेला उभे होतो तेव्हा एक लहानसा शार्क उथळ पाण्यातून सरकत गेला. रक्षकाने शिट्टी वाजवून माणसांना मागे हटवलं. पर्यटनावर पोट असलेल्या देशाने एवढा प्रसिद्ध किनारा इतकी वर्षं बंद ठेवला, हे मला फार मोठं वाटतं.

पहिलं स्नॉर्केलिंग त्यानंतर, कड्याच्या आडोशाला, बोट उभी करून. जॅकेटचा पायांमधून येणारा पट्टा घट्ट लावून घ्या, नाहीतर पाण्यात जॅकेट वर सरकून हनुवटीला लागतं. मी शिडीने उतरले. पाणी कोमट होतं, तलावासारखं अंग शहारलं नाही. शिडी धरूनच तोंड पाण्यात घातलं आणि तळ दिसला, चार-पाच मीटर खाली. तलावात मला तळ हाताच्या अंतरावर असायचा. इथं एवढी खोली स्पष्ट दिसल्याबरोबर छाती धडधडायला लागली, श्वास भरभर झाला, मी डोकं बाहेर काढलं. त्या मुलाने काही विचारलं नाही. दोरीला बांधलेली लाल-पांढरी रिंग माझ्याकडे सरकवली आणि म्हणाला, हात इथं. पोहता न येणाऱ्यांसाठी ही रिंग असते, तो स्वतः ती ओढत नेतो. मागून घ्या, ती मागण्यात कमीपणा काही नाही.

रिंग धरून पुन्हा तोंड घातलं. सोडा आधी. सहा अंक मोजत सोडला. नळीतून स्वतःच्या श्वासाचा आवाज मोठ्याने येतो, घरी मालिकेच्या आवाजात तो कधी ऐकू आला नव्हता. तिसऱ्या-चौथ्या श्वासाला धडधड खाली बसली आणि मग दिसायला लागलं.

आधी पिवळे, अंगावर काळे उभे पट्टे असलेले मासे, शेकड्यांनी, माझ्या मास्कच्या काचेपर्यंत येऊन वळणारे. ते जवळ येतात कारण पूर्वी लोक त्यांना पाव टाकायचे. आता खाऊ घालायला बंदी आहे आणि आमच्या मुलाने एका पाहुण्याच्या हातातला पाव काढून घेतला. मग खाली मोठे निळे-हिरवे पोपटमासे. ते प्रवाळ कुरतडतात आणि त्याचा कुडकुड आवाज पाण्याखाली खरोखर ऐकू येतो. मी श्वास रोखून ऐकला आणि लगेच आठवलं, रोखायचा नाही, सोडायचा. एका समुद्रफुलाच्या हलत्या बोटांत नारिंगी-पांढरा मासा आत-बाहेर करत होता. त्या फुलाची बोटं इतर माशांना डसतात, त्याला नाही, म्हणून तेच त्याचं घर. लांब काळ्या काट्यांचे गोळे खडकाच्या फटीत बसलेले होते, पाय टेकायचा नाही म्हणतात ते त्यांच्यासाठीही आणि प्रवाळांसाठीही. मेंदूसारख्या वळ्यांचे गोल प्रवाळ जिवंत होते, तपकिरी-पिवळे. पण मधे मधे तळावर नुसता पांढरा-करडा तुकड्यांचा सडाही होता. समुद्र तापला की प्रवाळ रंग टाकतात, २०१० ला या समुद्रात ते फार मोठ्या प्रमाणात झालं आणि २०२४ ला पुन्हा. जिवंत आणि मेलेलं एकाच नजरेत दिसतं. ते बघून मला वाईट वाटलं, आणि तरीही तिथून तोंड वर काढवेना.

मास्कमध्ये थोडं पाणी आलं तेव्हा उताणी झाले, कड उचलून पाणी सोडलं, पुन्हा पालथी. तलावावरचं सगळं कामाला आलं. वीसेक मिनिटांनी शिट्टी झाली. शिडीवर चढताना पाय लटपटत होते. दमणूक कळत नाही, बाहेर आल्यावर कळते. जाऊबाई शिडीजवळच पाच मिनिटं राहिली आणि परत वर गेली. तिला बोटीचीच भीती होती, पाण्याची नाही, पण मळमळ गेली नव्हती. एवढ्या तयारीनंतरही एखाद्याला नको वाटू शकतं आणि ते ठीक आहे.

जेवण फी फी डॉन या मोठ्या बेटावर. भात, तळलेली कोंबडी, भाज्या, कलिंगड. शाकाहारी असाल तर आदल्या दिवशी कळवा, कारण भाजीत फिश सॉस असतो. जिथं जेवलो ती जमिनीची चिंचोळी पट्टी आहे, दोन्ही बाजूंना समुद्र. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत पाणी दोन्हीकडून आलं होतं. उंचावर जायच्या वाटा दाखवणारे निळे फलक जागोजागी आहेत. आम्ही दोघींनी ती वाट कुठून जाते ते बघून ठेवलं.

शेवटचा थांबा बांबू बेट. इथं वाळूवरून चालत पाण्यात शिरता येतं आणि नवख्यांना बोटीवरून उतरण्यापेक्षा हे सोपं. जाऊबाईला इथं बरं वाटत होतं, आम्ही हात धरून गेलो. कमरेएवढ्या पाण्यात ती वाकून बघत होती आणि नळी तोंडात ठेवूनच काहीतरी बोलत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "अक्का, त्यांना कुणाची घाईच नाही बघा." ओहोटीमुळे पुढे प्रवाळ फार वर आले होते, पोट घासेल म्हणून आम्ही तिथूनच वळलो.

परतताना दुपारचा वारा सुटतो, सकाळपेक्षा बोट जास्त आपटते. दुसरी गोळी जेवणानंतर घेऊन ठेवा. पाचच्या आत हॉटेलवर आलो. दुसऱ्या दिवसासाठी काही ठरवू नका, खांदे आणि मांड्या भरून येतात.

फेरीच्या दिवशी पिशवीत काय असावं ते बऱ्याच जणींनी विचारलं: पासपोर्टची छायाप्रत, मूळ हॉटेलात. पाणी न शिरणारी पिशवी, फोनसाठी गळ्यात अडकवायचं प्लास्टिकचं आवरण, बदलायचे कपडे, टॉवेल, ५०० बाट सुटे. बोटीवर शौचालय असेल याचा भरवसा धरू नका, प्रत्येक बेटावर आधी जाऊन या. तलावाची फी आणि बेंगळूरचा प्रवास धरून माझा एकटीचा सगळा खर्च पासष्ट हजारांपर्यंत गेला. त्यातले पंधरा हजार मी भिशीत साठवले होते, बाकी बोनसचे.

तलावावर मी अजून जाते. मार्चपासून दुपारच्या बॅचला गर्दी वाढते, नाव आधी घाला. बेळगावातल्या कुणाला जायच्या आधी सराव करायचा असेल तर माझा मास्क आणि नळी घेऊन जा, कळवा फक्त. काचा उणे ४ च्या आहेत.